गावाची जीवनोंद: स्थानिक नावापासून शास्त्रीय नावापर्यंत कसं पोचायचं

महाराष्ट्रातल्या एखाद्या रोपवाटिकेत ब्राह्मी मागितली, तर बहुतेक वेळा गोल, कातरलेल्या कडांची पानं असलेलं, जमिनीवर पसरणारं रोप हातात येतं. ते सेंटेला एशियाटिका, म्हणजे आयुर्वेदातली मंडूकपर्णी. औषधांच्या प्रमाणग्रंथात ब्राह्मी म्हणून जी वनस्पती दिली आहे ती वेगळी: बॅकोपा मोनिएरी. तिची पानं बारीक, जाडसर, आणि ती पाणथळ जागेत वाढते. पहिली कोथिंबीर-जिऱ्याच्या कुळातली, दुसरी इसबगोलाच्या. दोघींचं नातं काही नाही, नाव मात्र एक.

यात रोपवाटिकावाल्याची चूक नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मंडूकपर्णीलाच ब्राह्मी म्हणत आले आहेत. चूक होते ती पुढे, जेव्हा कुणी ‘ब्राह्मी’ हा शब्द ऐकतो, कोश उघडतो, त्यात दिलेलं लॅटिन नाव उचलतो आणि वहीत लिहून टाकतो. वनस्पती न पाहता लिहिलेली अशी नोंद नंतर कुणालाच दुरुस्त करता येत नाही. म्हणून या सगळ्या कामाचा एकच पाया आहे: नावावरून नावाकडे उडी मारायची नाही. स्थानिक नावावरून प्रत्यक्ष झाडाकडे जायचं, आणि झाडावरून शास्त्रीय नावाकडे.

जैविक विविधता कायदा २००२ सालचा. त्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. अनेक गावांत शिक्षक, विद्यार्थी, निसर्गप्रेमी यांच्यावर हे काम येतं. खालची पद्धत त्यांच्यासाठी आहे. घरच्या घरी परिसराची यादी करणाऱ्यालाही ती तशीच चालेल. शास्त्रीय नावं इथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. वहीत ती रोमन लिपीतच लिहा, त्याबद्दल पुढे येईलच.

पायरी १: जीव समोर ठेवून विचारा

गावातल्या जाणत्या माणसाला चावडीवर बसवून ‘तुमच्या रानात काय काय आहे?’ असं विचारलं की शंभर नावांची यादी सहज मिळते, आणि त्यातली निम्मी नावं कशाची ते नंतर कळत नाही. त्यापेक्षा त्यांच्याबरोबर बांधावरून, ओढ्याकाठाने चाला. झाडापाशी थांबा आणि फक्त ‘हे काय?’ एवढंच विचारा. ‘याला तुमच्याकडे टाकळा म्हणतात ना?’ असा प्रश्न विचारू नका. पाहुण्याचा मान म्हणून समोरचा माणूस ‘हो’ म्हणतो आणि त्याच्या तोंडचं खरं नाव कायमचं निसटतं. हाच टाकळा विदर्भात तरोटा असतो.

रानभाज्यांसाठी वयस्क बायकांना विचारा. झाडपाल्यासाठी गुराखी आणि वैदू, माशांसाठी कोळी आणि गाबीत बांधव, मासे विकणाऱ्या मावशी. एकाच गावात महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी वस्त्यांवर एकाच झाडाची तीन नावं असू शकतात. तिन्ही लिहा, कोणतं कोणाकडून आलं तेही लिहा. दोन-तीन जणांना वेगवेगळं गाठून विचारलं तर नाव सगळ्या गावाचं आहे की एका घराचं, तेही समजतं.

नाव ऐकू येईल तसं लिहा. ‘करटुलं’ ऐकलं तर करटुलं लिहा, ‘कर्कोटकी’ असं संस्कृत वळण देऊ नका. करटुलं, कंटोळी, काटवल, फागलं ही सगळी मोमॉर्डिका डायोइका या एकाच वेलाची नावं आहेत, आणि कोणतं नाव कुठे चालतं यावरून त्या भाजीचा भूगोल कळतो. प्रमाण मराठीच्या नादात हा तपशील पुसला गेला तर तो पुन्हा मिळवता येणार नाही.

सांगणाऱ्याचं नाव त्याच्या परवानगीने नोंदवा. सतराव्या शतकात केरळात ‘होर्तुस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार झाला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यात रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीनच्या तीन कोंकणी वैद्यांची आणि इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याची साक्ष त्यांच्या नावानिशी छापलेली आहे, आणि वनस्पतींची कोंकणी नावं नागरी लिपीत दिली आहेत. पुढे स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनेयसने भारतीय वनस्पतींना नावं देताना याच ग्रंथाचा भरपूर आधार घेतला. साडेतीनशे वर्षांपूर्वी सांगणाऱ्याला एवढा मान दिला गेला होता. आपल्या वहीत तो मिळायलाच हवा. औषधी उपयोग सांगायला एखादा वैदू तयार नसेल तर आग्रह धरू नका. नाव मिळालं तरी नोंद पुरेशी होते.

पायरी २: पुरावा गोळा करा

नुसतं फूल टिपलेला सुंदर फोटो ओळखीसाठी फारसा कामाचा नसतो. एका झाडाचे निदान सात-आठ फोटो घ्या: संपूर्ण झाड, खोडाची साल, पानांची फांदीवरची मांडणी, पानाची वरची आणि खालची बाजू, फूल समोरून आणि बाजूने, फळ अख्खं आणि कापलेलं. प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवा. फोटोत न येणाऱ्या गोष्टी लगेच लिहून काढा: चीक येतो का आणि कोणत्या रंगाचा, पान चुरगळल्यावर वास कसला, झाड किती उंच, खाली माती कसली. अनोळखी वनस्पतीची चव कधीही घेऊ नका. कळलावी म्हणजे ग्लोरिओसा सुपर्बा ही पावसाळ्यात कुंपणावर दिसणारी देखणी वेल, पण तिचा कंद जीव घेऊ शकतो. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या बिया तशाच विषारी.

पानाबाबत एक गोष्ट शिकून घ्या, ती आयुष्यभर उपयोगी पडते. आपण ज्याला पान समजतो ते पुष्कळदा संयुक्त पानाची, म्हणजे अनेक छोट्या भागांत विभागलेल्या पानाची, नुसती एक पर्णिका असते. खरं पान जिथे फांदीला जोडलेलं असतं, तिथे बेचक्यात कळी असते. पर्णिकेच्या बेचक्यात ती नसते. एवढं पाहिलं तरी अशोकाचा घोळ सुटतो. शहरात कंपाउंडच्या कडेने सरळसोट उभा असणारा, नागमोडी कडांच्या साध्या पानांचा ‘अशोक’ म्हणजे मोनून लाँगिफोलियम; त्याचं जुनं नाव पॉलिॲल्थिया लाँगिफोलिया, आणि तो सीताफळाच्या कुळातला. सीतेचा अशोक म्हणजे साराका असोका. त्याची पानं संयुक्त, फुलांचे गुच्छ केशरी-लाल, आणि तो शेंगा धरणाऱ्या कुळातला. औषधात वापरतात ती या दुसऱ्याची साल. बाजारात पहिल्याची साल दुसऱ्याच्या नावाने विकली जाते, आणि त्याची किंमत औषध घेणारी बाई मोजते.

दसऱ्याला सोनं म्हणून जी पानं लुटतात त्यांचंही असंच. आपटा म्हणजे बौहिनिया रेसिमोसा: पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंद, फुलं पिवळट पांढरी आणि बारीक. कांचनाची पानं मोठी आणि फुलं गुलाबी-जांभळी, पण दसऱ्याच्या बाजारात आपटा म्हणून कांचनच ओरबाडला जातो. वंश तोच, जाती वेगळी.

शक्य असेल तिथे नमुनाही करा. फुला-फळांसकट फांदी वर्तमानपत्रात पसरून दाबा, पहिले काही दिवस कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. वाळल्यावर जाड कागदावर टाचा आणि चिठ्ठी लावा: तारीख, गाव, तालुका, जिल्हा, जागेचं वर्णन, स्थानिक नाव, सांगणाऱ्याचं आणि गोळा करणाऱ्याचं नाव. राखीव वनातून किंवा अभयारण्यातून वन खात्याच्या परवानगीशिवाय पानही तोडू नका. झाड दुर्मीळ असेल, गावात मोजकीच रोपं असतील, तर फोटोंवरच काम भागवा.

पायरी ३: आधी कुळ, मग वंश, शेवटी जाती

या लेखात ‘वंश’ म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द आणि ‘जाती’ म्हणजे दोन्ही शब्द मिळून होणारी ओळख. ‘प्रजाती’ हा शब्द मुद्दाम टाळला आहे. काही ग्रंथांत तो वंशासाठी येतो, वर्तमानपत्रांत जातीसाठी.

नवखा माणूस थेट जातीचं नाव शोधायला जातो आणि फसतो. कुळ ओळखायला शिकलात तर शोध एकदम आटोक्यात येतो. समोरासमोर पानं, चौकोनी खोड, ओठासारखं फूल आणि वास असेल तर तुळशीचं कुळ. पांढरा चीक आणि पिळाच्या पाकळ्या असतील तर कण्हेरीचं कुळ पाहा. दहा-बारा मोठी कुळं ओळखू आली की गावातल्या बऱ्याचशा वनस्पतींचा ठावठिकाणा लागतो.

चाफ्याचं उदाहरण घ्या. सोनचाफा मॅग्नोलिया चंपाका. हिरवा चाफा आर्टाबॉट्रिस हेक्सापेटॅलस, म्हणजे सीताफळाच्या कुळातला. देवळापुढचा पांढरा चाफा प्लुमेरिया, कण्हेरीच्या कुळातला आणि मूळचा अमेरिकेचा. नागचाफा मेसुआ फेरिया. भुईचाफा केम्फेरिया रोटुंडा, हळदीचा भाऊबंद. पाच चाफे, पाच कुळं. त्यामुळे वहीत नुसतं ‘चाफा’ लिहायचं नाही. मराठी नावातलं विशेषण हाच त्याचा निम्मा अर्थ असतो, आणि सांगणारा ते बोलण्याच्या ओघात गाळतो. ‘कोणता चाफा?’ हा प्रश्न तुम्हीच विचारायचा.

जाती ठरवताना प्रदेशाचा वनस्पतिकोश वापरा. थिओडोर कुकने जुन्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर १९०१ ते १९०८ मध्ये जे काम केलं ते आजही उपयोगी आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने महाराष्ट्रासाठी तयार केलेले खंडही आहेत. त्यांतल्या ओळखकिल्ल्या प्रश्नोत्तरांच्या जोड्यांनी पुढे नेतात: पानं समोरासमोर की एकाआड एक, पुंकेसर मोकळे की जुळलेले. सुरुवातीला कंटाळवाणं वाटेल, पण नजर तयार करायला याहून चांगली शाळा नाही.

मोबाइलवर फोटो टाकून नाव सुचवणारी ॲप चांगली आहेत, आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर माणसंही तपासतात. पण ॲपने दिलेलं नाव हे सूचना म्हणून घ्या. त्या जातीचं वर्णन काढून आपल्या फोटोंशी एकेक लक्षण ताडून पाहा आणि ती आपल्या भागात आढळते का तेही बघा. दक्षिण अमेरिकेतली रानटी जाती सह्याद्रीच्या कड्यावर सुचवली असेल तर आधी त्या सूचनेवरच शंका घ्या.

पायरी ४: प्राण्यांसाठी वेगळी सावधगिरी

जुन्नर-आंबेगावच्या बाजूला कुणी ‘रात्री वाघ आला होता’ असं सांगितलं तर तो बहुधा बिबट्या असतो, पँथेरा पार्डस. वाघ, म्हणजे पँथेरा टायग्रिस, सांगायचा असेल तर लोक पट्टेरी किंवा ढाण्या वाघ म्हणतात. नोंदवहीत इथे चूक झाली तर गावात नसलेला वाघ कागदोपत्री येतो. ठसे, अंगावर ठिपके की पट्टे, आवाज, वेळ हे विचारून मगच नाव लिहा. कोल्ह्याचंही जपून. कोल्हा कॅनिस ऑरियस. खोकड हा त्याहून लहान, झुबकेदार, काळ्या टोकाच्या शेपटीचा प्राणी, व्हल्पिस बेंगालेन्सिस. पाठ्यपुस्तकातल्या गोष्टींमुळे मुलं दोघांनाही कोल्हाच म्हणतात.

सापांच्या नावांवर तर जीव अवलंबून असतो. घोणस, डाबोया रसेली, अतिविषारी. डुरक्या घोणस, एरिक्स कोनिकस, बिनविषारी. नावात फक्त एका शब्दाचा फरक, आणि दिसायलाही दोन्ही जाडजूड, ठिपकेदार. मण्यार, बंगारस सेरुलियस, आणि बिनविषारी कवड्या, लायकोडॉन ऑलिकस, यांची गफलत तर नेहमीची. मण्यारीचे पांढरे पट्टे मानेपासून काही अंतरावर सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे मानेजवळ ठळक असतात आणि मागे फिके पडतात. मण्यारीच्या पाठीच्या मध्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते. ही लक्षणं लांबून काढलेल्या फोटोवर तपासायची आहेत. साप हातात धरायचा नाही, मारायचा नाही. दंश झाला असेल तर ओळख पटेपर्यंत थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं एकत्रितच असतं.

मासे बाजारात ओळखणं सोपं वाटतं, पण नावं किनाऱ्यागणिक बदलतात. मुंबईची सुरमई गोव्यात इसवण होते. माशाचा फोटो बाजूने, पर पसरून, पट्टीसह घ्या आणि कोणत्या बंदरावर, कोणत्या महिन्यात मिळाला ते लिहा. पापलेट हा २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. पॅम्पस अर्जेंटियस हे त्याचं नाव वर्षानुवर्षं छापलं गेलं. अलीकडच्या अभ्यासांनी आपल्या किनाऱ्यावरचा पापलेट पॅम्पस कँडिडस ठरवला आहे. अशा ठिकाणी दोन्ही नावं लिहा आणि कोणतं नाव कशाच्या आधाराने घेतलं तेही टिपा.

पायरी ५: शास्त्रीय नाव नीट लिहा

दोन शब्दांचं नाव देण्याची पद्धत लिनेयसने रूढ केली. वनस्पतींच्या नावांचा हिशेब त्याच्या १७५३ च्या ग्रंथापासून सुरू होतो, प्राण्यांचा त्याच्याच ‘सिस्टेमा नॅचुरे’ या दुसऱ्या ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीपासून. लिहिताना वंशाचं पहिलं अक्षर मोठं, जातीचा शब्द पूर्ण लहान अक्षरांत, दोन्ही शब्द तिरप्या ठशात; हाताने लिहिताना खाली रेघ. उच्चाराची फार चिंता करू नका, देशोदेशी तो वेगळा असतो. वर्णरचना मात्र अचूक हवी.

नावापुढे ते देणाऱ्याचं नाव येतं. वाघापुढे ‘(लिनेयस, १७५८)’ असं कंसात दिसतं. कंसाचा अर्थ असा, की लिनेयसने वाघाला फेलिस या वंशात ठेवलं होतं आणि पुढे त्याचा वंश बदलला. वनस्पतींमध्ये कंसाबाहेर बदल करणाऱ्याचंही नाव देतात. कोकमाचं पूर्ण नाव गार्सिनिया इंडिका (थुआर्स) शुआझी. थुआर्सने त्याला ब्रिंडोनिया म्हटलं होतं, आणि ते नाव गोव्यात पोर्तुगिजांच्या तोंडी असलेल्या या फळाच्या नावावरून आलं होतं. शुआझीने ते गार्सिनियात नेलं. आपल्या रातांब्याचा एवढा इतिहास त्या कंसात सामावला आहे. कंस गाळू नका.

प्राण्यांत वंश आणि जातीचा शब्द एकच असू शकतो: नाग नाजा नाजा, चितळ ॲक्सिस ॲक्सिस. वनस्पतींच्या नियमात हे चालत नाही. आणि नावाच्या अर्थावरून निष्कर्ष काढू नका. चिंचेचं नाव टॅमरिंडस इंडिका असलं तरी झाड मूळचं आफ्रिकेतलं आहे.

पायरी ६: जुनं नाव आणि आजचं नाव जुळवा

जुन्या पुस्तकात जांभूळ युजेनिया जांबोलाना म्हणून सापडेल, आज ते सिझिजियम क्युमिनी आहे. करंजाने तर डेरिस, मिलेशिया असा प्रवास करून पुन्हा पोंगामिया पिनाटा हे नाव धरलं आहे. लोक वैतागून म्हणतात की शास्त्रज्ञांना नावं बदलायचा छंद आहे. मला हे रास्त वाटत नाही. नातेसंबंध नव्याने उलगडले की वंश बदलतो, किंवा आधी दिलेलं जुनं नाव सापडलं की त्याला अग्रक्रम मिळतो. नियम ठरलेले आहेत.

बाभळीची गोष्ट यात वेगळी आहे. अकेशिया या मोठ्या वंशाचे तुकडे करायची वेळ आली, तेव्हा मूळ नाव कोणत्या तुकड्याकडे ठेवायचं यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत नाव ऑस्ट्रेलियातल्या जातींकडे गेलं आणि २०११ मध्ये मेलबर्नला तो निर्णय कायम झाला. त्यामुळे आपली बाभूळ आता व्हॅकेलिया निलोटिका, खैर सेनेगालिया कॅटेचू, आणि कोकणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिसच राहिली.

तपासायचं कसं? वनस्पतींसाठी लंडनच्या क्यू उद्यानाचं ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ हे संकेतस्थळ उघडा, जुनं नाव टाका. ते पर्यायी नाव असेल तर तिथेच आजचं मान्य नाव दिसतं. माशांसाठी फिशबेस, सरपटणाऱ्यांसाठी रेप्टाइल डेटाबेस, पक्ष्यांसाठी ईबर्ड. वहीत मान्य नाव लिहा, त्याखाली पुस्तकात सापडलेलं जुनं नाव ठेवा आणि कोणत्या तारखेला तपासलं ते टाका. पाच वर्षांनी कुणी वही उघडली तर धागा तुटणार नाही.

पायरी ७: खात्री किती, तेही लिहा

प्रत्येक नोंदीला जातीचं नाव मिळायलाच हवं असा हट्ट नको. वंश नक्की असेल आणि जाती ठरत नसेल तर वंशापुढे ‘एसपी.’ लिहा. अमुक जातीसारखी वाटते पण खात्री नाही, तेव्हा मध्ये ‘सीएफ.’ लिहितात. गवतं, कोळी, लहान पतंग यांत अशाच नोंदी जास्त असणार, आणि खोट्या खात्रीने लिहिलेल्या नावापेक्षा अशी नोंद कितीतरी मोलाची.

अडलेले नमुने तज्ज्ञांना दाखवा. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था पुण्यात आहेत, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आहे, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा संग्रह आहे. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पुण्यातलं केंद्र आणि मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांपासून सुरुवात केली तर उत्तम. पाठवताना एकच धूसर फोटो पाठवून ‘हे काय?’ विचारू नका. सगळे फोटो, ठिकाण, महिना आणि तुम्ही कुठपर्यंत पोचलात ते कळवा.

वही सार्वजनिक करण्याआधी दुर्मीळ कंदिलपुष्पं (सेरोपेजिया), आमरी (ऑर्किड), मांडूळ यांची नेमकी ठिकाणं त्यातून काढा. मांडुळाची तस्करी सर्रास होते, आणि घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय ‘हत्ताजोडी’ या नावाने मुळी म्हणून विकलं जातं. अशा जीवांसाठी तालुक्याचं नाव पुरे. नेमकी जागा समितीच्या वेगळ्या वहीत राहू द्या.

ज्यांना स्थानिक नाव मिळालं पण शास्त्रीय नाव मिळालं नाही, त्यांचा रकाना कोरा ठेवा आणि शेजारी कारण लिहा: फूल नव्हतं, फळ कच्चं होतं, झाड उंच होतं. त्याच झाडाला ओळखीची खूण करून ठेवा आणि ज्यांनी नाव सांगितलं त्यांनाच विचारा की ते कधी फुलतं. महिना त्यांना तोंडपाठ असतो. त्या महिन्यात पुन्हा जायचं.